वाकायची जागा

५ नोव्हेंबर १९९३

नव्या बुटाला पाय सरावतो, की पायाला बूट? परभणीच्या दुकानदाराने हे मला हसत विचारलं होतं. आज एसटीत बसून त्याचाच विचार केला.

दुपारी देवगाव फाट्यावर उतरले. तिथून सरकीची पोती भरलेल्या जीपमध्ये बसून उंबरगव्हाणला पोचले. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात खडू-पाट्यांची पिशवी आणि गळ्यात नाड्यांनी बांधलेले नवे बूट. वस्तीवरच्या बायका बघायला जमल्या. दगडाबाई नावाच्या ठसक्याच्या बाईने विचारलं, की एवढे मोठाले बूट नवऱ्याचे का. लग्न झालेलं नाही, बूट माझेच, असं मी सांगितल्यावर ती म्हणाली, मग नवरा पळाला तर धरून आणायला बरे. सगळ्याजणी हसल्या, मीही हसले.

साक्षरता अभियानात माझी तीन महिन्यांची नेमणूक झाली आहे. संध्याकाळी बायकांचा वर्ग घ्यायचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बाबा धान्याच्या बाजारात, मोंढ्यात, हमाली करतात. पोलीस भरतीचा माझा अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवून आठ दिवस मोंढाभर फिरवलं. १७ जानेवारीला परभणीच्या मैदानावर आठशे मीटर धावायचं आहे. मी आजवर एसटीच्या मागे सोडून कशाच्याही मागे धावलेली नाही. येत्या दिवाळीचे कपडे न घेता बाबांनी हे बूट घेतले. पांढरं कापड, निळी पट्टी, खाली जाड रबर. त्यांनी टाचेत अंगठा घालून बघितला आणि म्हणाले, आपल्यात कोणी पळायसाठी बूट घेतले नव्हते.

धुरपताबाईंच्या घरात मला खोली मिळाली आहे. त्या साठीच्या असतील, एकट्या राहतात, जुन्या कपड्यांच्या वाकळा शिवतात आणि कमी बोलतात. खोली सारवलेली, स्वच्छ. मला इथे आवडणार.

९ नोव्हेंबर

दुकानदाराने बजावलं होतं, की पहिले आठ दिवस नुसतं घालून फिरा, पळू नका. मी तिसऱ्या दिवशीच पळाले. दोन्ही टाचांना फोड आले, उजव्या करंगळीचं नख काळंनिळं पडलं. धुरपताबाईंनी न विचारता खोबरेल तेलात हळद कालवून दिली. रात्री बुटांत ओला कागद कोंबून ठेवते, त्याने कापड सैल होतं. आता दोन मोजे घालते आणि सगळ्यात वरचं भोक सोडून नाडी बांधते.

वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे. इथली काळी माती बुटाला अशी चिकटते की शंभर पावलांत प्रत्येक पाय शेराचा होतो. मुरमाची सडक गावाच्या पलीकडे, म्हणून पहाटे गावातल्या मोठ्या गल्लीतून जावं लागतं. दुसरी वाट नाही. सडकेवर विजेचे खांब आहेत. तीन खांब पळते, एक खांब चालते. तिसऱ्या खांबाला छाती फुटेल असं वाटतं, पण चौथ्याला बरं वाटतं.

१४ नोव्हेंबर

आज मन खट्टू आहे. धुरपताबाईंबरोबर वालूरच्या बाजाराला निघाले होते. मोठ्या गल्लीत व्यंकटरावांचं माडीचं घर आहे, पुढे दगडी ओटा. तो ओटा आला आणि बोलता बोलता धुरपताबाई वाकल्या, चपला काढून हातात घेतल्या, पंधरावीस पावलं चालल्या आणि पुन्हा घातल्या. ओट्यावर कोणी नव्हतं. दारही बंद होतं.

मी वाटेतच बोलले. बाबासाहेबांनी काय सांगितलं, कायदा काय म्हणतो, आता कोण कोणाला अडवतं, असं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, कोणी म्हणत नाही गं आता, पायच ऐकत नाहीत.

हे मला कळलं नाही. पाय माझे, मी सांगेन तसे चालतील. मी ठरवलं आहे, रोज त्या ओट्यासमोरून बूट घालून पळत जायचं. कोणी बघो न बघो.

२३ नोव्हेंबर

पाच खांब पळते आता. फोड सुकले, टाचेची कातडी जाड झाली. आज प्रथमच बूट पायात असल्याचा विसर पडला.

एक गंमत. ओट्यासमोर डाव्या बुटाची नाडी सुटते, रोज तिथेच. आज घरून निघताना दुहेरी गाठ मारली, तरी तिथे पोचले आणि मी वाकलेली, बोटं गाठीवर. नाडी मात्र सुटलेली नव्हती. मग मी का वाकले होते?

३० नोव्हेंबर

पहाटे दव पडून फुफाटा दबलेला असतो, पावलं छान उमटतात. परत येताना मी माझे ठसे बघते, टाच आधी पडते की चवडा. आज माझ्या ठशांच्या उजवीकडे दुसरे ठसे होते. अनवाणी, लहान, बाईमाणसाचे. वस्तीच्या कोपऱ्यापासून माझ्या बरोबरीने. मी टाकलेली टांग जेवढी, तेवढीच तिची, म्हणजे तीही पळत होती. ओट्यासमोर ते ठसे थांबतात. पुढे नाहीत, मागेही फिरलेले नाहीत.

कोणी शेताला गेली असेल, असं मनाशी म्हटलं. पण शेताला जाणारी बाई सकाळी माझ्या बरोबरीने पळत कशाला जाईल, आणि मला दिसणार नाही?

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. वस्तीवर मेणबत्त्या लावल्या. वर्गात मी प्रत्येकीला विचारलं, पहिला शब्द कोणता लिहायला शिकायचा. सगळ्यांनी आपापलं नाव सांगितलं. दगडाबाई म्हणाली, दगड नको, फूल लिही, पाटीला तरी बरं वाटेल. धुरपताबाई म्हणाल्या, कौसा लिहून दे.

त्यांचा हात धरून मी तो शब्द गिरवून घेतला. कौसा कोण, हे विचारल्यावर बाकीच्या बायकांनी माना पाटीत घातल्या. लेक, एवढंच त्या म्हणाल्या. मग पदराने पाटी पुसली, आणि पुन्हा तोच शब्द लिहायला घेतला.

१३ डिसेंबर

हे जसं घडलं तसं लिहिते.

पहाटे सडकेवर गेले, सात खांब पळाले. परतताना गल्लीतून धावत होते. नंतरचं आठवतं ते धुरपताबाईंचं दार. मी दारात उभी होते आणि बूट माझ्या हातात होते. दोन्ही छातीशी धरलेले. मोजे मातीने भरलेले. धुरपताबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या हातातलं दाभण खाली पडलं. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

बूट कधी काढले हे मला आठवत नाही. एवढं आठवतं, की वाकले तेव्हा मागून पावलांचा आवाज येत होता. एकाचा नाही, पुष्कळांचा. लांबून, पाच खांबांवरून येतो तसा.

१९ डिसेंबर

गल्ली सोडली. शेताच्या बांधाने, काळ्या मातीतून लटपटत कालव्यावर गेले. येलदरी धरणाचं पाणी येतं तो कालवा. भराव सपाट आहे, माणूस नाही, घर नाही, ओटा नाही. मन हलकं झालं. मोकळा श्वास घेत पळाले.

पाचशे पावलांवर वाकले.

हाताने नाडी ओढली. मी डोळ्यांनी बघत होते, बोटं माझीच, पण ती मला विचारत नव्हती. उजवा बूट निघाला. आणि मागून पावलं, चार खांब, फार तर. मी उठून पळाले, एका पायात बूट, एक हातात.

म्हणजे हे त्या गल्लीत नाही, माझ्या अंगात उतरलं आहे. मैदानावरही मी अशीच वाकेन. शिट्टी वाजेल, पोरी पुढे जातील, आणि मी मध्येच बसून बूट काढत असेन. बाबा कुंपणाबाहेर उभे असतील.

घरी निघून जावं असं वाटलं. पण घरी जाऊन पाय कुठे ठेवू?

२४ डिसेंबर

आज पुन्हा गल्लीने गेले. पळायचं तर इथेच पळून बघायला हवं.

ओट्यावर व्यंकटराव बसले होते. थकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावर घोंगडी. मी वाकले होते, त्यांच्यासमोरच, दोन हातांच्या अंतरावर. ते म्हणाले,

"मास्तरीणबाई, तुमच्यासंगं पळती ती पोरगी कोणाची हाय?"

मी म्हटलं, माझ्याबरोबर कोणी नाही.

त्यांनी मान माझ्या उजव्या अंगाला वळवली. मग म्हणाले, "तिला म्हणा, वाकू नगं. मी तवाच म्हणायला पायजे होतं. हितंच बसलेलो होतो. तोंडातून शब्द निघाला न्हाई."

मी बूट उचलले आणि चालत घरी आले. मागची पावलं तीन खांबांवर.

२६ डिसेंबर

धुरपताबाईंना सगळं सांगितलं, व्यंकटरावांचं बोलणंसुद्धा. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. आत पांढरे कापडी बूट होते. पंधरा वर्षांचे, पण कोऱ्यासारखे. तळाची मातीसुद्धा धुऊन काढलेली.

कौसा दहावीला होती. शाळेच्या स्पर्धेत पळण्यात पहिली आली, म्हणून तिच्या बापाने सेलूहून बूट आणले. घरातच घालून फिरायची, मळतील म्हणून. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देणार, ही नामांतराची बातमी आली त्या वर्षी, एक दिवस दिवेलागणीला, वस्तीवर माणसं चालून आली. काही बाहेरगावची, काही याच गावची. छपरं पेटली. कौसाच्या पायात बूट होतेच. सगळे सडकेकडे पळाले, मोठ्या गल्लीतून, आणि कौसा सगळ्यांच्या पुढे होती. धुरपताबाई काखेत शेजारणीचं लहान पोर घेऊन मागे. त्यांना वाटलं, ही तरी सुटली.

ओटा आला आणि कौसा थांबली. वाकली. एक बूट काढला. दुसऱ्याची गाठ बसली होती, ती सोडवत राहिली.

मागचे तोवर आले.

धुरपताबाई एवढंच सांगू शकल्या, की नंतर ती सापडली तेव्हा दोन्ही बूट हातात होते, छातीशी धरलेले. मग म्हणाल्या,

"कोणी म्हटलं न्हवतं तिला, काढ म्हणून. हातच गेले तिचे. मीच शिकिवलं होतं ना, चालायला लागली तवापासनं."

१४ नोव्हेंबरला यांना वाटेत उभं करून मी कायदा सांगितला होता. लाज वाटते.

३ जानेवारी १९९४

नाड्या काढून सुतळीने बूट बांधले. बोटांनी सुतळी सोडली. नखं तुटली.

पावलं दोन खांबांवर. आता बोलणंही ऐकू येतं. शब्द कळत नाहीत. घासलेटाचा वास येतो, घरी आल्यावरही जात नाही. दगडाबाई म्हणाली, बाई, तुमच्या लुगड्याला धुराचा वास येतो, आमच्याहून जास्त चुलीपाशी बसता की काय. ती हसली. मला हसता आलं नाही.

७ जानेवारी

अनवाणी ठसे आता माझ्या इतके जवळ, की माझ्या ठशावर तिची बोटं पडलेली. ती मला घाबरवत नाही, हे आज कळलं. तीच घाबरलेली आहे. माझ्या आडोशाने पळते. तिला वाटतं, हिच्या पायात बूट आहेत, ही पुढे जाईल. आणि मग मी वाकते.

रोज मीच तिला पुन्हा त्यांच्या हाती —

१० जानेवारी

एक खांब.

बाबांचं पत्र आलं. १७ला सकाळी सुट्टी घेतो, मैदानावर येतो. बूट आता बसले का पायाला, असं विचारलंय.

बसले, बाबा. पाय बसत नाही.

१२ जानेवारी

आज मानेवर श्वास. मी बूट हातात घेऊन — किती वेळ, माहीत नाही. ओट्यावरून व्यंकटराव ओरडत होते, ऊठ, ऊठ. त्यांचा आवाज चिरकत होता.

पाठीवर पाच बोटांचे वळ आहेत. धुरपताबाईंनी तेल लावलं.

पुढच्या वेळी ते धरतील. धरतील म्हणजे काय, ते मी लिहीत नाही.

१४ जानेवारी

रेडिओवर बातमी आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. दगडाबाई रडली, मग तिनेच गूळ वाटला.

फाट्यावर पोलिसांची गाडी आहे म्हणतात. गावात शांत आहे. तरी अंधार पडायच्या आत धुरपताबाई दारोदार गेल्या. साजरं करायला नव्हे. प्रत्येक आईला एकच सांगत होत्या, पोरांच्या चपला काढू नका, घालूनच निजू द्या.

वस्तीवरची सगळी लेकरं आज वाकळेत चपला घालून झोपली आहेत.

धावायच्या परीक्षेला तीन दिवस. मी धुरपताबाईंना एक गोष्ट मागितली. त्या हो म्हणाल्या.

१५ जानेवारी

उजाडतंय. उंबऱ्यात बसून लिहिते.

बूट घातले. धुरपताबाईंनी माझा पाय मांडीवर घेतला. मला कसंसंच झालं, त्यांनी हलू दिलं नाही. वाकळेचं दाभण, मेण लावलेला दुहेरी दोरा. पुन्हा ओवलेल्या नाड्या, जीभ, वरचं कापड, सगळं एकत्र टाचलं, घोट्यापर्यंत. दाभण दोनदा मांसाला लागलं. आता काढायचे तर कापावे लागतील.

मग त्यांनी पेटीतले बूट काढले. तेही शिवले. रिकामेच. कौसाचे. माझ्याशेजारी उंबऱ्यात ठेवले, टोकं गल्लीकडे.

मागे पावलं. खांब नाही मोजता येत. भिंतीपलीकडेच आहेत.

धुरपताबाई त्या बुटांकडे बघतायत. मीही —

त्या रिकाम्या बुटांचं कापड आतून वर येतंय. आधी बोटांपाशी. मग टाचेला ताण, नव्या बुटाला पहिल्या दिवशी बसतो तसा.

उठतो आम्ही. दोन्ही जोड शिवून झालेत. आता हात गेले तरी सोडायला गाठ नाही, आता कोणी वाकलं तरी —